नाशिककरांनो, किनाऱ्यावरचा सूर्यास्त टिपायचाय? आधी तिथी बघा

गंगापूर धरणाच्या पाण्यावर सूर्यास्त टिपून टिपून हात बसला, की नाशिकच्या हौशी फोटोग्राफरला एक दिवस समुद्र आठवतोच. मलाही आठवला. मित्राला पहाटे उठवलं आणि दिवसभर गाडी हाणून हरिहरेश्वर गाठलं. घरी नुसतं "हरिहरला चाललोय" म्हणालो होतो. आईला वाटलं त्र्यंबकजवळचा हरिहर गड, म्हणून बिचारीने रात्री ताट वाढून ठेवलं होतं.

त्या पहिल्या फेरीत दोनशेच्या आसपास फोटो काढले, ठेवण्याजोगे निघाले दोन. टाचेला तीन टाके पडले आणि ट्रायपॉडची एक रबरी टोपी समुद्राने ठेवून घेतली. कॅमेरा चालवता येत होता, समुद्राचं वेळापत्रक मात्र ठाऊक नव्हतं. त्यानंतर चार-पाच वेळा जाऊन जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. डीएसएलआर असो, मिररलेस असो की मोबाईल, पहिल्या तीन पायऱ्या सगळ्यांना सारख्याच.

१. जागा ठरवा: वाळू नको, कातळ हवा

नाशिकहून सगळ्यांत जवळचा समुद्र म्हणजे जव्हारमार्गे डहाणू-बोर्डी. घरच्यांना घेऊन जायला उत्तम. पण तो किनारा सपाट आहे, ओहोटीला पाणी फार लांब जातं आणि फोटोत पुढे ठेवायला काही उरत नाही. नुसतं आकाश आणि चिखलट वाळू. कातळ हवा असेल तर रायगड-रत्नागिरीकडे उतरायला हवं.

पहिल्या खेपेला मी हरिहरेश्वरच सुचवतो. देवळामागून प्रदक्षिणेची वाट निघते, पायऱ्या उतरून खाली समुद्रालगतच्या कातळावर येते. हा कातळ म्हणजे आपलाच काळा बेसाल्ट, ब्रह्मगिरीचा आणि पांडवलेणीचा. फरक इतकाच की इथे खाऱ्या पाण्याने आणि वाऱ्याने त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. काही भोकांत अंगठा जातो, काहींत अख्खी मूठ. पाणी उतरलं की प्रत्येक भोकात थोडं थोडं पाणी राहतं आणि सूर्य कलला की त्या शेकडो वाट्यांत एकेक केशरी ठिपका पेटतो. माझ्या ठेवण्याजोग्या दोन फोटोंपैकी एक याच वाट्यांचा आहे. त्यात सूर्य दिसतही नाही.

दुसरी जागा गुहागर तालुक्यातलं हेदवी. तिथली बामणघळ म्हणजे खडकातली एक अरुंद भेग. भरतीचं पाणी आत घुसून कोंडतं आणि कारंज्यासारखं वर उसळतं. ती पहिल्या फेरीची जागा नाही, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची. रत्नागिरीकडे आणखी खाली गेलात तर काळ्या दगडाच्या जागी तांबडा जांभा दिसू लागतो आणि संध्याकाळच्या उजेडात फोटोचा सगळा रंगच बदलतो.

२. तिथी ठरवा (ही पायरी गाळू नका)

लोक सुट्टी बघून जातात. मी तिथी बघून जातो आणि मग सुट्टी टाकतो.

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. शुक्ल असो वा कृष्ण, मोजणी प्रत्येक पक्षात प्रतिपदेपासून नव्याने. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकतं.

आता सूर्यास्त हिवाळ्यात सव्वासहाच्या आगेमागे धरा आणि तिथ्या लावून बघा:

- तृतीया, चतुर्थी, पंचमी: दुपारी सव्वादोन ते पावणेचारच्या दरम्यान भरती होऊन गेलेली, सूर्यास्ताला पाणी उतरत असतं. कातळ ओला, वाट्या भरलेल्या आणि प्रत्येक मिनिटाला समुद्र तुमच्यापासून लांब जातोय. नवख्यांसाठी हेच दिवस. त्यातही शुक्ल चतुर्थी घ्या, सूर्य बुडाल्यावर पश्चिमेलाच चंद्राची कोर लटकलेली मिळते.
- पौर्णिमा, अमावास्या, प्रतिपदा: उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस. संध्याकाळी पूर्ण ओहोटी, एरवी न दिसणारा कातळही उघडा पडतो. पण लाटा लांब राहतात आणि वरचा दगड सुकून जातो.
- सप्तमी ते नवमी: ऐन सूर्यास्ताला भरती. भांगाची भरती असते, पाणी उधाणाइतकं चढत नाही, पण खालचा कातळ पाण्याखाली. फोटो फक्त वरून, पायऱ्यांवरून.
- दशमी ते त्रयोदशी: सूर्यास्ताला पाणी चढत असतं. पहिल्या फेरीला अजिबात जाऊ नका.

मी गेलो होतो तो दिवस दशमीचा. कातळाच्या टोकाला ट्रायपॉड लावून डोळा कॅमेऱ्याला. मागे एक मावशी दगडावरची कालवं फोडून डब्यात गोळा करत होत्या. त्या उठल्या, डबा कमरेला लावला आणि ओरडल्या, "अरे बाबा, आज दशमी नाय का? पाणी चढतंय, ये मागं!" मी हसून हात केला. दहा मिनिटांनी वळून बघितलं तर ज्या घळीवरून टुणकन उडी मारून आलो होतो ती पाण्याने भरलेली. कॅमेरा डोक्यावर धरून मांडीभर पाण्यातून आलो, आणि पाय पडला तो नेमका कालवांच्या शिंपल्यांवर. शिंपल्याची कड ब्लेडसारखी असते. टाके गावातल्या दवाखान्यात पडले. मावशी तिथवर सोबत आल्या, वर मी त्यांची बोलणीही खाल्ली.

पाऊणपटीचा हिशोब मुंबईकडच्या वेळांशी बऱ्यापैकी जुळतो, पण त्यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतोच. जसजसे दक्षिणेला जाल तसतशी भरती थोडी आधी येते. त्यामुळे दिवस ठरवायला तिथी वापरा आणि नेमक्या वेळेला भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था उंच लाटांचे इशारेही देते. निघायच्या आदल्या रात्री ते पाहा. इशारा असेल तर तिथी कितीही चांगली असो, फेरी रद्द.

३. महिना आणि सूर्याची जागा

जून ते सप्टेंबर कातळावर उतरायचं नाव काढू नका. माझं मत विचाराल तर ऑक्टोबर. पावसाचे राहिलेले ढग असतात, डोंगर हिरवा असतो आणि हवा धुतलेली असते. डिसेंबर ते फेब्रुवारी प्रवास सुखाचा, पण आकाश कोरं असतं आणि क्षितिजावर धुरकं. सूर्य समुद्राला टेकायच्या आधीच त्यात विरून जातो. मे महिन्यात ढग पुन्हा जमू लागतात, फक्त उकाड्याने जीव जातो.

सूर्य ठीक पश्चिमेला मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारासच मावळतो. कोकणात डिसेंबरअखेर तो पश्चिमेपासून जवळजवळ पंचवीस अंश दक्षिणेला सरकतो, जूनअखेर तेवढाच उत्तरेला. म्हणजे कोणाचा तरी डिसेंबरातला फोटो बघून मेमध्ये त्याच जागी उभे राहिलात तर सूर्य एखाद्या डोंगराआड असेल. सूर्याची दिशा दाखवणारी मोफत अ‍ॅप आहेत, त्यात जागा आणि तारीख टाकून घरूनच बघा.

आणखी एक. आपल्याकडे सूर्य त्र्यंबकच्या डोंगरामागे गेला की खेळ आटोपला. समुद्रावर तो थेट पाण्याच्या रेषेपर्यंत उतरतो, आणि रेषेला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटं मिळतात. त्या वेळात लेन्स बदलायला घेतलीत तर गेलं.

४. सामान

महागडं काहीच लागत नाही. माझी लेन्स अजूनही कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ आहे.

- ट्रायपॉड. हलका असला तर मधल्या हुकाला पिशवी अडकवून वजन द्या.
- एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच), सहा स्टॉपचा. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. एकच घ्यायचा तर हाच.
- ग्रॅज्युएटेड एनडी (वर गडद, खाली पारदर्शक) असेल तर चांगलं, नसेल तर अडत नाही. पुढे सांगतो.
- रिमोट, किंवा कॅमेऱ्यातला दोन सेकंदांचा टायमर.
- चष्मा पुसायची मऊ फडकी, किमान चार. एक खिशात, बाकी बंद पिशवीत. खारे तुषार दर दोन मिनिटांनी लेन्सवर येतात आणि एकच फडकं वापरलं की काचेवर मीठच फासलं जातं.
- डोक्याला लावायची बॅटरी. मोबाईलचा टॉर्च नको, परतताना दोन्ही हात मोकळे हवेत.
- गोड्या पाण्याची एक जास्तीची बाटली. प्यायला नाही, सामान पुसायला.
- मागे पट्टा असलेल्या जाड तळव्याच्या सँडल. चपला नकोत, अनवाणी तर नकोच. का, ते माझी टाच सांगेल.

सॅक पाठीवरच ठेवा. दगडावर ठेवलेली सॅक लाटेने नेल्याचे किस्से किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा.

निघण्याआधी एक संध्याकाळ सोमेश्वरच्या धबधब्यावर घालवा. गोदावरीचं पाणी, काळा खडक, हलती धार: संथ शटरचा (म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवायचा) सराव करायला यापेक्षा जवळची जागा नाही. कोणत्या शटरला पाणी कसं दिसतं हे तिथे कळलं, की कोकणात बटणं शोधत बसावं लागत नाही.

५. प्रवास आणि कागद

नाशिक-कसारा-पनवेल-माणगाव-म्हसळा-हरिहरेश्वर असा रस्ता, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. नुसतं अंतर बघून सहा तास धरू नका, आठ-नऊ धरा. रेल्वेने जायचं तर नाशिकरोडहून ठाणे किंवा पनवेलकडे जाऊन कोकण रेल्वेने माणगाव, पुढे एसटी किंवा रिक्षा. हेदवीसाठी चिपळूणला उतरावं.

सोबत आधार कार्ड (खोली घेताना लागतं), गाडीचं आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स आणि थोडी रोख. कॅमेऱ्याच्या बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट गाड्याही नेते. दुसऱ्या दिवशी बाणकोट, वेळासकडे जायचं असेल तर सावित्रीची खाडी त्या बोटीने ओलांडा, मोठा वळसा वाचतो.

मोठी चूक म्हणजे ज्या दिवशी पोचलो त्याच संध्याकाळी शूट. नऊ तास गाडी चालवून आलेला माणूस घाई करतो, आणि ओल्या कातळावर घाई करायची नसते. एक मुक्काम जास्तीचा धरा.

६. दुपारीच जाऊन जागा बघा

सूर्यास्ताच्या दोन तास आधी जागेवर पोचा, कॅमेरा सॅकमध्येच असू द्या. आधी एखाद्या गावकऱ्याला विचारा, "काका, आज पाणी कुठवर येईल?" त्याचं उत्तर कोष्टकापेक्षा वरचं समजा. तो "नको" म्हणाला तर नको.

मग उंचावर कोरड्या जागी पंधरा मिनिटं नुसतं बसा आणि लाटा मोजा. सात-आठ बेताच्या लाटांनंतर मध्येच एखादी दांडगी येते. ती किती वर चढते ते बघा. कातळावर काळी ओली रेघ दिसते, ती तुमची सीमा. तिच्या खाली हिरवं शेवाळ असेल तर तिथे काचेवर तेल ओतल्यासारखं असतं. पाय टाकताना हिरवं टाळा, खडबडीत करडं बघा. समुद्राकडे पाठ करायची नाही, सेल्फीसाठी तर नाहीच. एकट्याने उतरायचं नाही, दोघांपैकी एकाने कॅमेऱ्याला डोळा लावलेला असताना दुसऱ्याने लाटेकडे बघायचं.

परतीची वाट उजेडात मोबाईलवर टिपून ठेवा. अंधारात सगळे दगड सारखे दिसतात.

आणि खोलीतला एसी. थंड खोलीतून काढलेला कॅमेरा कोकणातल्या दमट हवेत आला की लेन्सवर धुकं धरतं. ते फडक्याने पुसून जात नाही. निघण्याआधी तासभर सॅक व्हरांड्यात ठेवा.

७. कॅमेरा लावणं

रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका. कॅमेरा बिचारा ते केशरी रंग "दुरुस्त" करून टाकतो. डेलाइट किंवा क्लाउडीवर ठेवा.

फोकस हाताने. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटर आणि एफ/११ असेल, तर साधारण दीड मीटरवर फोकस केलं की पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. दीड मीटर म्हणजे आपली दोन मोठी पावलं. एकदा जुळवलं की रिंगला हात लावू नका.

ट्रायपॉड खाली ठेवा, गुडघ्याच्या उंचीला. उभ्याने काढलेल्या फोटोत कातळ चेपटा दिसतो, खाली बसलं की समोरची एक हातभर वाटीसुद्धा तळ्याएवढी होते. क्षितिज सरळ ठेवा. डोंगराच्या फोटोत तिरकेपणा खपतो, समुद्राच्या फोटोत पाणी सांडल्यासारखं वाटतं.

खरी अडचण काळ्या दगडाची. आकाशाला धरून एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) घेतलं तर बेसाल्टचा नुसता डांबराचा गोळा होतो, दगडाला धरलं तर आकाश पांढरं पडतं. ग्रॅज्युएटेड फिल्टर नसेल तर ब्रॅकेटिंग करा: एक फोटो बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. ट्रायपॉड न हलवता. घरी जोडता येतात.

८. ती चाळीस मिनिटं

सूर्य क्षितिजापासून वीतभर वर असताना बाजूच्या फोटोंनी सुरुवात करा. कातळाची भोकं, कडेने पडलेला उजेड, लांब सावल्या. सूर्याकडे लांब लेन्स रोखून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून बघू नका, डोळ्याचा प्रश्न आहे.

मग पाणी. सेकंदाच्या पाचशेव्या भागाला (१/५००) लाट काचेसारखी गोठते, थेंब न् थेंब दिसतो. तीस सेकंदांना समुद्राचं धुकं होतं आणि खडक ढगांत तरंगल्यासारखे दिसतात. ते धुकं एकदा करून बघा, मला स्वतःला त्याचा लवकर कंटाळा आला. मला आवडतो तो अर्धा ते एक सेकंद. लाट आपटून मागे जायला लागली की लगेच बटण दाबायचं. फेस कातळाच्या खाचांतून उतरताना पांढऱ्या दोऱ्या ओढतो आणि नजर आपोआप त्या दोऱ्यांवरून सूर्याकडे जाते. येणाऱ्या लाटेला दाबलं तर नुसता पांढरा गोंधळ. दहा-वीस फोटो वाया जातील, मग लय सापडते.

सूर्य वर असताना सहा स्टॉपचा एनडी लावून दोनेक सेकंद मिळतात. बुडाल्यावर पाच-दहा मिनिटांनी एफ/११ ला फिल्टर काढूनही अर्ध्या सेकंदाच्या आसपास येतं. मीटर बघून जुळवा, ढगांप्रमाणे बदलतं.

सूर्य बुडाला की किनाऱ्यावरची गर्दी भेळ खायला वळते. तुम्ही थांबा. ढग असतील तर खरा रंग बुडाल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी चढतो, खालून ढगांची पोटं पेटतात. मग निळाई. आपल्या भागात सूर्य बराच सरळ खाली जातो, त्यामुळे वीस-बावीस मिनिटांत अंधार येतो. निळाई दिसायला लागली की शेवटचे तीन-चार फोटो, बॅटरी डोक्याला आणि टिपून ठेवलेल्या वाटेने वर.

९. मोबाईलवाल्यांसाठी

मोबाईलचा छोटा ट्रायपॉड घ्या. सूर्याच्या शेजारच्या आकाशावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा. प्रो मोड असेल तर शटर तिथेही अर्धा सेकंद ठेवता येतं, सूर्य बुडाल्यानंतर. झूम नको. आणि मोबाईल हातात धरून पाण्याच्या काठाला वाकू नका, गळ्यात दोरी घाला.

१०. मीठ उतरवा

खोलीवर आल्यावर जेवणाआधी हे करा. ट्रायपॉड पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, पाय न मिटवता रात्रभर सुकवा. ओला मिटवलात तर पुढच्या वेळी लॉक फिरताना करकर वाजेल. पुढच्या वेळी उघडतानाही खालचा भाग आधी थोडा बाहेर काढा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतात. कॅमेरा ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने. लेन्स तिथे किनाऱ्यावर काढूच नका.

हे सगळं करूनही नाशिकला आल्यावर ट्रायपॉड गच्चीवर उलटा करून एकदा झटका. माझ्या ट्रायपॉडमधून तिसऱ्या दिवशीसुद्धा चमचाभर वाळू निघाली, आणि कालवाच्या शिंपल्याचा एक तुकडाही.